भिंगाच्या कडेवरचे गाव

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळाच्या तोट्या, घड्याळांचे सुटे भाग, पितळी समया, बंद पडलेले रेडिओ यांच्या ढिगाऱ्यांतून हिंडायची सवय एकदा लागली की सुटत नाही. दोन वर्षांपूर्वी, पावसाळा तोंडावर आलेला असताना, अशाच एका फेरीत एका पथारीवर मला एक जुने भिंग दिसले. छायाचित्रकार ज्याला लेन्स म्हणतात ते. काळ्या-चंदेरी पट्ट्यांचे, मुठीत मावेल एवढे, आणि फोकसची कडी जवळजवळ घट्ट बसलेली. पथारीवाल्याने ते दुर्बिणीचा तुकडा म्हणून मांडले होते. घासाघीस होऊन सातशे रुपयांना पदरात पडले. घरी येऊन कडेवरची धूळ पुसली तेव्हा बारीक कोरलेली अक्षरे लागली: टेसार, २.८, ५०, आणि त्यांच्यापुढे कार्ल झाइस, येना.

मुलीने घेऊन दिलेला एक मिररलेस कॅमेरा घरात होता. त्याच्या स्वतःच्या चांगल्या लेन्सची किंमत ऐकून मी गप्प बसलो होतो. हे सातशे रुपयांचे भिंग त्याला बसेल काय, एवढाच माझा प्रश्न होता. बसते, आणि ते कसे हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्या मधे एक तिरका आरसा असायचा. तो वर उचलला जायला जागा हवी, म्हणून भिंगाची बैठक फिल्मपासून बरीच पुढे ठेवावी लागे. माझ्या टेसारची बैठक ४२ मिलिमीटर व्यासाची, आटे पाडलेली. या पद्धतीला एम-४२ म्हणतात, आणि तिच्यात बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिलिमीटर ठरलेले असते. मिररलेस कॅमेऱ्यात, नावाप्रमाणे, आरसाच नाही. त्यामुळे हेच अंतर सोनीच्या कॅमेऱ्यात १८ आणि निकॉनच्या झेड मालिकेत १६ मिलिमीटर एवढे कमी झाले. उरलेल्या अंतराएवढी एक पोकळ धातूची नळी मधे बसवली की जुने भिंग आपल्या जुन्याच जागी येते. त्या नळीला अ‍ॅडाप्टर म्हणतात. तिच्यात काच नसते आणि विजेची जोडणीही नसते. मला ती हजाराच्या आत मिळाली. गंमत अशी की निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत हे अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे एम-४२ पेक्षा एका मिलिमीटराने जास्त होते. तेवढ्या एका मिलिमीटरापायी त्या कॅमेऱ्यांवर हे भिंग दूरच्या डोंगरावर फोकसच होऊ शकत नाही.

कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने कडीतले वाळून खडखडीत झालेले ग्रीस काढून नवे भरून दिले. पहिले चित्र मी गॅलरीतल्या तुळशीचे काढले आणि मग त्या कडेवरच्या अक्षरांनी माझा पिच्छा पुरवला. कार्ल झाइस हे माणसाचे नाव आणि येना हे गावाचे, इतके मला ठाऊक होते. ज्या माणसामुळे या दोन्ही नावांना अर्थ आला, त्याचे नाव मात्र भिंगावर कोठेच नाही. ते त्याने मुद्दाम ठेवले नाही. त्या माणसाचे नाव एर्न्स्ट आबे. आपल्याकडच्या कॉलेजांत त्याचा उच्चार अ‍ॅबे असाही करतात. प्रकाशशास्त्राच्या पुस्तकात तो एका क्रमांकापुरता आणि एका सूत्रापुरता भेटतो. त्याच्या आयुष्याची गोष्ट त्या पुस्तकांत सहसा नसते.

आबेचा जन्म २३ जानेवारी १८४० चा, जर्मनीतल्या आयझेनाखचा. संगीतकार बाखचेही हेच जन्मगाव. वडील सूतगिरणीत कामाला होते. पाळी चौदा-पंधरा तासांची, काम जास्त असले की सोळा तासांची, आणि मधे जेवणाची सुट्टी नाही. पाच ते नऊ या वयात एर्न्स्ट आणि त्याची धाकटी बहीण आळीपाळीने वडिलांचा डबा घेऊन गिरणीत जात. वडील यंत्राला टेकून, नाहीतर एखाद्या खोक्यावर बसून, घाईघाईने चार घास पोटात ढकलीत, रिकामे भांडे पोराच्या हाती देत आणि पुन्हा कामाला लागत. वडील मुलापेक्षा अर्धे डोके उंच, अंगाने दणकट. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच ते पाठीने आणि चेहऱ्याने म्हातारे दिसू लागले. हे सारे आबेने साठी उलटल्यावर, स्वतः एका मोठ्या कारखान्याचा कारभारी असताना, जाहीर भाषणात सांगितले. मधे पन्नास वर्षे गेली होती, पण ते भांडे त्याच्या हातून सुटले नव्हते.

आमच्या मुंबईच्या गिरण्यांतही त्या काळी याहून वेगळे काही नव्हते. आज आपण रविवारची पुरवणी हातात घेऊन निवांत बसतो. गिरणी कामगारांना ती रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मिळवून दिली, हे जाता जाता आठवून ठेवायला हरकत नाही.

मुलगा हुशार निघाला. गिरणीच्या मालकांनी शाळेच्या खर्चाला मदत केली, आणि पुढे येना व ग्योटिंगन येथल्या विद्यापीठांत शिकवण्या करून त्याने आपले पोट चालवले. ग्योटिंगनला रीमान आणि वेबर यांच्यासारखे गुरू होते. एकविसाव्या वर्षी, १८६१ मध्ये, उष्णता आणि यांत्रिक कार्य यांच्या संबंधावर प्रबंध लिहून तो डॉक्टर झाला, आणि १८६३ मध्ये येनाला परत येऊन विद्यापीठात व्याख्याता म्हणून शिकवू लागला. या पदाला धड पगार नसे. जितके विद्यार्थी बसतील तितकी फी.

त्याच गावात कार्ल झाइसचे दुकान होते. झाइस आबेपेक्षा चोवीस वर्षांनी मोठा. १८४६ साली त्याने येनात छोटा कारखाना काढला आणि विद्यापीठाची उपकरणे दुरुस्त करता करता सूक्ष्मदर्शक बनवू लागला. माणूस कमालीचा काटेकोर. हाताखालच्या कारागिराने केलेला सूक्ष्मदर्शक मनासारखा उतरला नाही तर तो ऐरणीवर ठेवून हातोड्याने फोडून टाकी, असे सांगतात. पण त्याच्या मनात एक सल होता. त्या काळी सगळीकडेच भिंगे अंदाजाने बनत. कारागीर काच घासून पाही, जोडून पाही, नाही जमले तर पुन्हा घाशी. चांगले भिंग हाती लागले तर ते का चांगले झाले, हे त्यालाही सांगता येत नसे. भिंग आधी कागदावर गणिताने ठरवावे आणि मग घासावे, ही झाइसची इच्छा. ती घेऊन १८६६ साली तो सव्वीस वर्षांच्या आबेकडे आला. त्याच वर्षी कारखान्यातून हजारावा सूक्ष्मदर्शक बाहेर पडला होता आणि कामगार होते वीसेक.

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. आबेने गणित मांडले. भिंगाच्या कडेच्या बाजूने येणारे किरण नीट जुळत नाहीत, ते चित्र बिघडवतात, हे सर्वांना माहीत होते. तेव्हा त्याने किरणांचा शंकू अरुंद ठेवला आणि त्यातले सगळे दोष गणिताने काढून टाकले. भिंगे घासून तयार झाली. दोष खरोखरच नव्हते. पण चित्र झाइसच्या जुन्या, अंदाजाने बनवलेल्या भिंगांपेक्षा वाईट! दुसरा कोणी असता तर त्याने कारागिराला दोष दिला असता, नाहीतर गणित सोडून दिले असते. आबे त्या अपयशापाशी बसून राहिला. कित्येक महिने प्रयोग केल्यावर त्याच्या लक्षात आले, की सूक्ष्म वस्तूवर पडलेला प्रकाश बाजूंना फाकतो, म्हणजे त्याचे विवर्तन होते, आणि वस्तूचे बारकावे त्या फाकलेल्या प्रकाशातच असतात. भिंगाचे तोंड अरुंद केले की तो प्रकाश बाहेरच राहतो. जुने कारागीर न कळत रुंद तोंडाची भिंगे करीत होते, म्हणून त्यांची सरशी होत होती.

१८७३ साली त्याने हा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्याचे सार असे: साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने कितीही मोठे करून पाहिले, तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसणार नाहीत. म्हणजे मिलिमीटरच्या पाच-हजाराव्या भागाच्या आसपास. ही हद्द कारागिराच्या हातामुळे पडलेली नाही. ती प्रकाशाच्याच स्वभावात आहे. येनातल्या त्याच्या स्मारकाच्या दगडावर हे सूत्र कोरलेले आहे. पुढे ही हद्द वळसा घालून ओलांडण्याच्या युक्त्या निघाल्या, आणि त्यासाठी २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले. त्यांपैकी श्टेफान हेल हे आबेच्या त्या ग्योटिंगनमध्येच काम करतात.

१८७२ पासूनच झाइसचे सूक्ष्मदर्शक गणितावरून बनू लागले होते. १८७८ मध्ये भिंग आणि काचपट्टी यांच्या मधे तेलाचा थेंब ठेवण्याची पद्धत आली. तिची सूचना स्टीफन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने केली होती आणि आबेने ते उघडपणे सांगितले. रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू शोधले ते याच तेलाच्या भिंगांनी आणि आबेच्या प्रकाश-केंद्रकाने. १८८३-८४ मध्ये कॉलऱ्याच्या जंतूंमागे कलकत्त्यापर्यंत आलेला आणि १८९७ मध्ये प्लेगने हैराण झालेल्या मुंबईत उतरलेला कॉख तो हाच. आपल्या यशाचा मोठा वाटा झाइसच्या भिंगांचा आहे, ही कबुली त्याने कारखान्याला लेखी दिली होती.

झाइसने आबेला नफ्यात भागीदार करून घेतले. १८७१ मध्ये आबेने आपल्या प्राध्यापकांची, कार्ल स्नेल यांची मुलगी एल्झ हिच्याशी लग्न केले. दोन मुली झाल्या. १८७८ मध्ये हेल्महोल्ट्झने त्याला बर्लिनला प्राध्यापकाची जागा देऊ केली. त्या काळच्या जर्मनीत यापलीकडे मान नव्हता. तो गेला नाही.

राहिला एक प्रश्न काचेचा. गणित कितीही चोख असले तरी काचा दोनच जातींच्या, क्राउन आणि फ्लिंट. त्यांच्यातून वेगवेगळे रंग वेगवेगळ्या कोनांत वाकतात आणि चित्राच्या कडांना रंगीत झालर येते. १८७६ साली लंडनच्या प्रदर्शनातील वैज्ञानिक उपकरणे पाहून आल्यावर आबेने अहवाल लिहिला, आणि काच बनवणारे नवे काही करीत नाहीत तोवर भिंगांची प्रगती अडलेली आहे अशी तक्रार नोंदवली. तो अहवाल ओटो शॉट नावाच्या तरुण रसायनज्ञाच्या वाचनात आला. घराणे काचवाल्यांचेच. १८७९ मध्ये त्याने लिथियम घातलेल्या काचेचा नमुना आबेकडे पाठवला. नमुना निकामी ठरला, पण पत्रव्यवहार सुरू झाला. १८८२ मध्ये शॉट येनाला आला आणि १८८४ मध्ये आबे, झाइस, झाइसचा मुलगा रोडेरिख आणि शॉट यांनी मिळून काचेची प्रयोगशाळा काढली. बोरॉन, फॉस्फरस, बेरियम घालून काचेच्या नव्या जाती तयार झाल्या. काच रंगांना किती कमी फाकवते हे सांगणारा आकडा म्हणजे आबे क्रमांक. साध्या क्राउन काचेचा तो ६४ च्या आसपास, फ्लिंटचा ३६ च्या आसपास आणि फ्लोराइट या खनिजाचा तब्बल ९५. १८८६ मध्ये फ्लोराइट वापरून आबेने रंगांची झालर जवळजवळ पुसून टाकणारी सूक्ष्मदर्शकाची भिंगे केली, आणि तेवढे स्वच्छ फ्लोराइट शोधण्यासाठी स्वतः स्वित्झर्लंडचे डोंगर धुंडाळले. आज महागड्या लेन्सवर ईडी किंवा फ्लोराइट अशी अक्षरे दिसतात, ती याच वाटेवरची.

सूक्ष्मदर्शकातील सुधारणांचे पेटंट घ्यायचे नाही, असा त्याचा कटाक्ष होता. शास्त्राचे साधन सर्वांना मोकळे हवे. छायाचित्रणाचे मात्र त्याने वेगळे धरले. तेथे पेटंट घेतली आणि इतर कारखान्यांना ती पैसे घेऊन वापरू दिली. नव्या काचा हाती आल्यावर १८९० साली त्याचा सहायक पाउल रुडोल्फ याने छायाचित्रणाचे पहिले अनॅस्टिग्मॅट भिंग आखले. १८९६ मध्ये प्लानार आले आणि १९०२ मध्ये टेसार.

जुनी लेन्स घेणाऱ्याने ही शेवटची दोन नावे लक्षात ठेवावीत, कारण बाजारातल्या निम्म्याहून अधिक ५० मिलिमीटर लेन्स या दोघांपैकी एकाच्या वंशातल्या निघतात. टेसारमध्ये चारच काचा, त्यांतल्या मागच्या दोन चिकटवलेल्या. लहान, हलकी, मध्यभागी टोकदार, सहसा स्वस्त; पण उजेड बेताचाच आत घेते. प्लानारमध्ये सहा काचा. ती बिचारी जन्मली तेव्हा फार चालली नाही, कारण इतक्या पृष्ठभागांवरून प्रकाश परावर्तित होऊन चित्र धुरकट होई. १९३५ मध्ये झाइसच्याच स्माकुलाने काचेवर पातळ लेप देण्याची युक्ती काढली आणि मग या आखणीचे दिवस पालटले. रशियन हेलिओस-४४, जपानी सुपर टाकुमार ५५ मिलिमीटर, पूर्व जर्मनीची पेंटाकॉन ५० मिलिमीटर १.८ ही सारी त्या कुटुंबातली. आठ-दहा जणांनी मला विचारले, म्हणून माझे मत सांगून टाकतो: पहिली जुनी लेन्स घ्यायची तर या तिघांपैकी एक घ्यावी. त्यांतही हेलिओस-४४-२ वर छिद्र हाताने कडी फिरवून मिटते, त्यामुळे कोणत्याही अ‍ॅडाप्टरवर ती बिनतक्रार चालते. बाकीच्यांवर ऑटो आणि मॅन्युअल असा खटका आहे का ते पाहावे. नसेल तर मागची पिन दाबून धरणारा अ‍ॅडाप्टर मागावा. नाहीतर भिंग कायम सताड उघडेच राहते.

घेताना आणखी थोडे. मोबाइलची बॅटरी भिंगातून आरपार मारून तिरके पाहावे. कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या हवेत राहिलेल्या दहापैकी किती भिंगांत ती असते हे विचारू नका. धुळीच्या दोन-चार कणांनी काही बिघडत नाही, त्यावरून उगाच भाव पाडायला मात्र ते उपयोगी पडतात. छिद्राच्या पात्यांवर तेल चमकत असेल तर दुरुस्तीचा खर्च धरून बोलावे. जपानी सुपर टाकुमार ५० मिलिमीटर १.४ च्या बऱ्याच प्रती पिवळट दिसतात. तिच्या एका काचेत थोरियम आहे, अगदी मंद किरणोत्सारी, आणि काही दिवस उन्हात ठेवली तर पिवळेपणा बराच उतरतो. आणि कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी असेल, तर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. चेहऱ्यांना उत्तम, पण लग्नात पंगत टिपायला निरुपयोगी. कॅमेऱ्यात लेन्स नसतानाही शटर चालू द्यावे अशी एक सोय असते, ती आधी सुरू करावी. मी दोन दिवस कॅमेरा बिघडला म्हणून हळहळत होतो.

आबेकडे परत येतो. ३ डिसेंबर १८८८ रोजी कार्ल झाइस वारला. आबे आता अट्ठेचाळीस वर्षांचा, बरोबर ज्या वयात त्याचे वडील म्हातारे झाले होते त्या वयाचा, आणि येनातला सर्वांत श्रीमंत होऊ शकणारा माणूस. १८८९ मध्ये त्याने कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापले, रोडेरिखला त्याच्या हिश्शाचे पैसे देऊन मोकळे केले, आणि १८९१ मध्ये कारखान्यातली आणि काचशाळेतली स्वतःची सारी मालकी प्रतिष्ठानच्या नावे करून टाकली. तो स्वतः त्याच कारखान्यात पगारदार झाला. नाव झाइसचे ठेवले, आपले नाही. याला दानधर्म म्हटलेले त्याला खपत नसे. त्याचा हिशेब वेगळा होता. हा नफा माझ्या एकट्याच्या डोक्यातून आला नाही. तो विद्यापीठातल्या शास्त्रातून आणि शेकडो हातांच्या एकत्र कामातून आला, तेव्हा तो त्यांचा आहे. त्याआधीही, १८८६ पासून, तो विद्यापीठाला गुपचूप पैसे देत होता, आणि देणारा कोण हे उघड होऊ देत नव्हता.

१८९६ मध्ये प्रतिष्ठानची घटना लागू झाली. मी घटना हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण ती वाचताना कारखान्याचे नियम वाचतो आहोत असे वाटत नाही. जन्म, धर्म किंवा पक्ष पाहून कोणाला डावलायचे नाही. पगारी रजा, आजारपणाचा निधी, निवृत्तिवेतन हे मालकाच्या मर्जीवर नाही, हक्क म्हणून. जादा वेळ कामाची सक्ती नाही. कामगाराला काढायचे तर भरपाई देऊन. नफ्यात सर्वांना वाटा. आणि वरच्या अधिकाऱ्याचा पगार, अगदी संचालकाचाही, अनुभवी कामगारांच्या सरासरी वेतनाच्या दहापटीहून अधिक असता कामा नये. आबेने हे कलम लिहिले तेव्हा ते सर्वांआधी त्याला स्वतःला लागू होत होते.

मग आली कामाच्या तासांची गोष्ट. कारखान्यात नऊ तासांचा दिवस होता. आबेने १ एप्रिल १९०० पासून तो आठ तासांचा केला, पण दयेचा आव आणून नाही. त्याने प्रयोग केला. मोबदला नगावर मिळणारे २३३ कामगार निवडले, आणि नऊ तासांच्या वर्षातली आणि आठ तासांच्या वर्षातली त्यांची तासागणिक कमाई मांडली. नऊ तासांचे काम आठ तासांत बसवायचे तर तासाला साडेबारा टक्के जास्त काम व्हायला हवे. प्रत्यक्षात ते सोळा टक्क्यांनी वाढले. म्हणजे तास कमी होऊन दिवसाचे एकूण काम उलट थोडे वाढलेच. कामगारांना आपण जास्त नेटाने काम करतो आहोत हे जाणवलेही नव्हते. आबेने त्याची मीमांसा यंत्रावरून केली. यंत्र काही न घडवता नुसते फिरत ठेवले तरी शक्ती खाते. तसेच माणूस गोंगाटात, ठरलेल्या जागी नुसता तासन् तास उभा राहिला तरी थकतो. तो शेवटचा तास बहुतेक या नुसत्या उभे राहण्यातच जातो. १९०१ मध्ये त्याने यावर जी भाषणे दिली, त्यांतच वडिलांच्या डब्याची आठवण येते. भाषणात आकडे पुष्कळ आहेत. ती आठवण थोड्याच वाक्यांची आहे.

स्वतःला मात्र त्याने आठ तास कधी लावून घेतले नाहीत. रात्र रात्र जागून काम, त्यातून जडलेला निद्रानाश, झोपेची औषधे. गावासाठी मोठे सभागृह आणि वाचनालय असलेले लोकगृह १९०३ मध्ये उघडले, आणि त्याच वर्षी प्रकृतीने साथ सोडल्यामुळे तो कारखान्यातून निवृत्त झाला. १४ जानेवारी १९०५ रोजी, पासष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, तो गेला. वीसेक माणसांचा कारखाना तोवर हजाराहून अधिक माणसांचा झाला होता. हेन्री व्हान द व्हेल्डे याने आखलेले त्याचे अष्टकोनी स्मारक १९११ पासून येनात उभे आहे. आत मॅक्स क्लिंगरने घडवलेला आबेचा अर्धपुतळा आहे आणि भिंतींवर मेनिये या बेल्जियन शिल्पकाराची कामगारांची उठावशिल्पे.

येथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती पुरी होणार नाही. आबेच्या हयातीतच कारखान्यात लष्करासाठीची उपकरणे बनू लागली होती, आणि पहिल्या महायुद्धाने ते काम कितीतरी पटींनी वाढवले. दुसऱ्या महायुद्धात तर याच येनात परदेशांतून धरून आणलेल्या माणसांना सक्तीने राबवले गेले. जन्म आणि धर्म न पाहण्याचे कलम लिहिणाऱ्याचा कारखाना तो हाच. घटना कितीही नीट लिहिली तरी ती माणसांनीच पाळायची असते, याचा अनुभव आपल्याला इतरत्रही आहेच.

१९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य येनात आले. गाव रशियनांच्या वाट्याला जाणार हे ठरलेले होते. तेव्हा जूनमध्ये जाताना अमेरिकनांनी झाइसचे चौऱ्याऐंशी निवडक तज्ज्ञ गाड्यांत घालून पश्चिमेला नेले. त्यांनी ओबरकोखेन येथे नवा झाइस उभा केला. रशियनांनी येनातली बहुतेक यंत्रे उखडून नेली आणि शेकडो तज्ज्ञांनाही १९४६ मध्ये रशियात हलवले. माझ्यासारख्या गरीब छायाचित्रकाराला स्वस्त रशियन लेन्स मिळतात, त्यांचा उगम या लुटीत आहे. हेलिओस-४४ म्हणजे झाइसच्या बिओटार ५८ मिलिमीटरची नक्कल, आणि ज्युपिटर नावाच्या बहुतेक लेन्स म्हणजे सोनार. पूर्वेचा झाइस १९४८ मध्ये सरकारी झाला. मग नावासाठी दोन झाइस जगभरच्या कोर्टांत भांडले. ज्या देशांत पूर्वेवाले हरले तेथे पाठवायच्या लेन्सवर त्यांनी झाइस हा शब्दच गाळला आणि नुसते आउस येना, म्हणजे येनाहून, असे कोरले. टेसारच्या जागी नुसता टी, सोनारच्या जागी नुसता एस. बाजारात अशी लेन्स दिसली तर ती खोटी समजून टाकून देऊ नका. भिंग तेच असते. नाव नसल्यामुळे विकणाऱ्यालाही कित्येकदा त्याचा पत्ता नसतो.

जर्मनी एक झाल्यावर १९९१ मध्ये दोन्ही झाइस एकत्र आले. २००४ मध्ये झाइस आणि शॉट या दोन्ही समभागांच्या कंपन्या झाल्या, पण त्यांचे मालक आबेने स्थापलेले ते प्रतिष्ठानच आहे.

माझे टेसार आता डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते. पावसाळ्यात पुड्या दर महिन्याला तव्यावर गरम करून वाळवाव्या लागतात आणि घरातून त्याबद्दल बोलणी खावी लागतात. गेल्या रविवारी त्याच पथारीवर आणखी एक भिंग दिसले. लांबट, काळे, कडेवर एस आणि १३५, आणि पुढे नुसते आउस येना. आत एका कोपऱ्यात बुरशीचा तंतू आहे. पथारीवाला दीड हजारावर अडून बसला आहे, मी हजारावर. येत्या बुधवारी पुन्हा जाऊन पाहणार आहे.